घरातील चित्रपटखोलीत प्रत्येक आसनावर सारखा खर्ज मिळावा यासाठी काय करावे?

शिक्षक_परभणी

सर्वांना नमस्कार. गेल्या वर्षी आम्ही घराच्या वरच्या मजल्यावर चित्रपट पाहण्यासाठी आणि गाणे ऐकण्यासाठी एक स्वतंत्र खोली बांधून घेतली. खोली चांगली झाली, पडदाही मनासारखा लागला. परंतु आवाजातील खर्जाचा भाग, ज्याला आपण सगळे बास म्हणतो, तो खोलीत बसलेल्या प्रत्येकाला वेगळाच ऐकू येतो, आणि गेले आठ महिने मी या एकाच गोष्टीच्या मागे लागलो आहे.

खोलीची आतली मापे २० फूट लांब, १३ फूट रुंद आणि स्लॅबपर्यंत १० फूट उंच अशी आहेत. भिंती ९ इंची विटांच्या, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या आहेत. खाली शहाबादी फरशी आणि तिच्यावर पडद्यासमोर एक सतरंजी आहे. पडदा १३ फुटी भिंतीवर आहे. त्या भिंतीपासून ११ फुटांवर तिघांचा सोफा आहे आणि त्याच्या मागे, एक फूट उंच लाकडी ओट्यावर, मागच्या भिंतीला टेकवून दिवाण ठेवला आहे. डाव्या भिंतीच्या मध्यावर कूलरची खिडकी आहे, आणि उजव्या भिंतीत सोफा व ओटा यांच्या मधल्या जागेत गच्चीवर उघडणारे दार आहे. सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर (थोडक्यात सब), १२ इंची, एकच आहे. विक्रेत्याच्या सांगण्यावरून तो समोरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला आहे. सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या यंत्रात, म्हणजे रिसीव्हरमध्ये, ८० हर्ट्झच्या खालचा आवाज सबकडे वळवला आहे.

अडचण अशी की, सोफ्याच्या मधल्या जागेवर माझी पत्नी बसते आणि तिला खर्ज जवळपास ऐकूच येत नाही. जो येतो तो एकाच सुरात घुमतो, मग पडद्यावर ढग गडगडोत की पखवाजाच्या डाव्या पुडीवर थाप पडो. सोफ्याच्या उजव्या टोकाला बसणारी मुलगी म्हणते की सगळे ठीक आहे. आणि दिवाणाच्या डाव्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसणारे माझे वडील, ज्यांच्यासाठी खरे तर ही खोली आम्ही बांधली, ते अर्ध्या तासात कानाला दडे बसतात म्हणून उठून खाली जातात. आवाज वाढवला तर पत्नीला थोडे बरे वाटते आणि वडील अधिक लवकर उठतात. मोबाइलवरील ध्वनिमापक ॲप वापरून ४४ हर्ट्झचा एकच सूर वाजवून पाहिला, तेव्हा सोफ्याचा मध्य आणि वडिलांची जागा यांत सुमारे १८ डेसिबलचा फरक दिसला. भिंतींवर दोन इंची फोमच्या चौकटी लावून झाल्या. त्यांनी बोलण्याचा आवाज स्पष्ट झाला, पण खर्जात तसूभरही फरक पडला नाही. विक्रेता आता १५ इंची सब घ्या म्हणतो. तेवढा खर्च करण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले. मला एकाच चांगल्या खुर्चीसाठी ही खोली नको आहे. घरातील पाचही माणसांना एकसारखे ऐकू यावे एवढीच इच्छा आहे.

निवृत्त_प्राध्यापक (छत्रपती संभाजीनगर)

गुरुजी, आपण मापे इतकी नेमकी दिली आहेत की उत्तर बरेचसे त्या मापांतच सापडते. मी अनेक वर्षे पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवले, म्हणून थोडे मुळापासून लिहितो. कारण एकदा कारण समजले की १५ इंची सबने हा प्रश्न का सुटणार नाही, हे आपोआप लक्षात येईल.

समोरासमोरच्या दोन टणक भिंतींमध्ये ध्वनी मागे-पुढे परावर्तित होतो, आणि ज्या वारंवारतेची अर्धी तरंगलांबी त्या दोन भिंतींमधील अंतराएवढी असते, तिचा स्थिर तरंग खोलीत उभा राहतो; यालाच खोलीचा अनुनाद म्हणतात. अशा तरंगाचा दाब भिंतींपाशी सर्वाधिक आणि मधोमध शून्याजवळ असतो. दुप्पट, तिप्पट वारंवारतांचेही असेच तरंग तयार होतात. फक्त त्यांच्या शून्यांच्या जागा बदलतात. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरू. आपल्या खोलीची लांबी ६.१ मीटर, तिची दुप्पट १२.२ मीटर; ३४५ ला १२.२ ने भागले की सुमारे २८ हर्ट्झ येतात आणि त्यापुढे ५७ व ८५. रुंदीसाठी हाच हिशेब ४४ आणि ८७ हर्ट्झ असा येतो. उंचीसाठी ५७ येतात. येथे जरा थांबावे, कारण आपल्या खोलीचे खरे दुखणे येथेच आहे: लांबी उंचीच्या बरोबर दुप्पट असल्यामुळे लांबीचा दुसरा आणि उंचीचा पहिला अनुनाद एकाच ठिकाणी, ५७ हर्ट्झवर, एकमेकांवर चढून बसले आहेत.

आता आसने पाहू. सोफा ११ फुटांवर, म्हणजे लांबीच्या जवळपास मध्यावर आहे. तेथे २८ हर्ट्झचा दाब भिंतीजवळच्या दाबाच्या जेमतेम सहावा हिस्सा उरतो. आपल्या पत्नी रुंदीच्याही मध्यावर बसतात, म्हणून त्यांना ४४ हर्ट्झ जवळजवळ मिळतच नाहीत. ५७ हर्ट्झचा मात्र लांबीच्या मध्याशी पूर्ण जोर असतो. म्हणजे २८ गेले, ४४ गेले आणि ५७ तेवढे राहिले. एकच सूर घुमतो असे त्या म्हणतात ते शब्दशः खरे आहे. मुलगी मध्यापासून दोन फूट बाजूला बसते, तेथे ४४ चा दाब निम्म्याच्या आसपास परत येतो, म्हणून तिला ठीक वाटते. आणि आपले वडील मागची भिंत व डावी भिंत यांच्या कोपऱ्यात बसतात, जेथे २८, ४४ आणि ५७ तिन्ही आपल्या कमाल दाबावर असतात. फक्त २८ हर्ट्झचाच विचार केला तरी सोफा आणि दिवाण यांत सुमारे १६ डेसिबलचा फरक निघतो. त्यांच्या कानाला दडे बसणे हा वयाचा किंवा सवयीचा भाग समजू नये.

सब कोपऱ्यात ठेवल्यावर तो खोलीचे सगळे अनुनाद पूर्ण जोराने जागे करतो. आवाज मोठा येतो, म्हणून दुकानात तो सल्ला दिला जातो, पण असमानताही तेथेच सर्वाधिक असते. १५ इंची सब त्याच कोपऱ्यात ठेवला तर हाच नकाशा अधिक मोठ्या आवाजात मिळेल.

आपल्याकडच्या बांधकामाबद्दलही एक गोष्ट सांगावीशी वाटते. अमेरिकेतील घरांच्या भिंती पुष्कळदा लाकडी सांगाड्यावर जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या असतात. त्या खर्जाबरोबर थोड्या हलतात, काही ऊर्जा खातात आणि काही बाहेर जाऊ देतात. आपली वीट, स्लॅब आणि फरशी जागची हलत नाही व आलेली ऊर्जा जवळजवळ सगळी परत पाठवते, त्यामुळे अनुनाद उंच होतात आणि रेंगाळतात. तिकडच्या चित्रफिती पाहून इकडे उपाय केले की अपेक्षाभंग होतो तो यामुळे. फोमचेही तसेच आहे: सच्छिद्र पदार्थ ध्वनी शोषतो तो हवेच्या हालचालीतून, आणि ही हालचाल भिंतीपासून पाव तरंगलांबीवर सर्वाधिक असते. ४४ हर्ट्झसाठी ते अंतर सुमारे साडेसहा फूट होते. दोन इंचांचा तेथे काय पाड लागणार?

यावरचा उपाय जागांमध्ये आहे: सबच्या जागा आणि माणसांच्या जागा. समोरच्या भिंतीच्या मध्यावर एक आणि मागच्या भिंतीच्या मध्यावर तसाच दुसरा सब ठेवला, तर २८ हर्ट्झच्या तरंगाला दोघे विरुद्ध दिशांनी ढकलतात आणि तो उभाच राहत नाही. ८५ चेही तसेच होते. शिवाय दोघेही रुंदीच्या मध्यावर, म्हणजे ४४ च्या शून्यावर असल्यामुळे तोही जागा होत नाही. हरमन कंपनीतील टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये आयताकृती खोल्यांसाठी अशा पुष्कळ मांडण्या संगणकावर तपासल्या. चार भिंतींच्या चार मध्यांवर चार सब ही मांडणी उत्तम ठरली, समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यांवरील दोन सब तिच्या बरेच जवळ पोहोचले आणि चाराच्या पुढे संख्या वाढवून फारसा लाभ दिसला नाही. चार सबमध्ये लांबीचा ५७ देखील रद्द होतो, कारण बाजूच्या भिंतींच्या मध्यावरील सब त्याला समोरच्यांच्या उलट ढकलतात. आपल्याला दोनच परवडत असतील तर ५७ शिल्लक राहील, आणि त्यावर पुढे बोलता येईल.

गोदातीर_नांदेड

प्राध्यापक साहेबांचे विवेचन आवडले, परंतु दुसरा सब घेण्याआधी रिसीव्हरमधील स्वयंचलित खोली-दुरुस्ती, म्हणजे मायक्रोफोनने मोजून आवाज आपोआप जुळवण्याची सोय, नीट चालवून पाहावी असे मला वाटते. माझ्या घरी एकच सब आहे. मायक्रोफोन आठ ठिकाणी ठेवून मोजणी केली आणि घुमणारा सूर बराच खाली आला. खर्च काहीच आला नाही. बहुतेक जण एकाच ठिकाणी मोजतात आणि मग दुरुस्तीला दोष देतात.

निवृत्त_प्राध्यापक (छत्रपती संभाजीनगर)

आपल्या अनुभवाबद्दल शंका नाही; जो उंचवटा सर्वच आसनांवर सारखा असतो, तो इक्वलायझरने, म्हणजे ठरावीक वारंवारतांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, खाली आणता येतो आणि त्याचे रेंगाळणेही कमी होते. पण इक्वलायझर सबला जाणाऱ्या संकेतात बदल करतो, आणि तो बदल प्रत्येक आसनापर्यंत जसाच्या तसा पोहोचतो. दोन आसनांमधील फरक १८ डेसिबल असेल तर इक्वलायझर लावल्यानंतरही तो १८ डेसिबलच राहील. गुरुजींच्या घरी ४४ हर्ट्झ सोफ्याच्या मध्यावर खड्ड्यात आहे आणि दिवाणाच्या कोपऱ्यात डोंगरावर आहे. खड्डा भरायला गेलो की डोंगर वाढतो, डोंगर कापायला गेलो की खड्डा खोल होतो. शिवाय १० डेसिबल वाढवण्यासाठी ॲम्प्लिफायरला दहापट शक्ती द्यावी लागते, म्हणजे १५० वॅटच्या जागी १,५०० वॅट, आणि खरा शून्य बिंदू असेल तर तीही वाया जाते. म्हणून आधी आसनांमधील फरक कमी करावा आणि जे सर्वांना सामाईक उरेल त्यावर इक्वलायझर लावावा. क्रम उलटा केला तर दुरुस्ती चुकीच्या गोष्टीची होते.

ध्वनिजोडणी_लातूर

गुरुजी, मी पंधरा वर्षे घरगुती चित्रपटखोल्यांची जोडणी करतो, त्यामुळे प्राध्यापक सरांनी सांगितलेले प्रत्यक्षात कसे आणावे ते लिहितो. नवीन काहीही विकत घेण्याआधी जे फुकट करता येते ते करावे.

आजच सब कोपऱ्यातून काढून पडद्याखाली समोरच्या भिंतीच्या मध्यावर ठेवा. फूटपट्टीने मोजूनच ठेवा, नजरेने नको. याने ४४ हर्ट्झ शांत होईल आणि सोफ्यावरील तीन जागा एकमेकींच्या जवळ येतील. एकूण आवाज कमी झाला असे वाटेल; त्याने घाबरू नका, कारण जो गेला तो खोलीने स्वतः भर घातलेला आवाज होता. त्यानंतर सोफा ११ वरून १२ फुटांवर न्या आणि दिवाण भिंतीपासून पुढे ओढून असा ठेवा की बसणाऱ्याचे कान साडेसतरा फुटांवर येतील. माझ्या अनुभवात भिंतीला टेकलेले आसन हे खर्जाच्या तक्रारींचे सर्वांत मोठे कारण असते, आणि आपल्याकडे खोलीचा मधला भाग मोकळा ठेवण्याच्या सवयीमुळे दिवाण भिंतीला लागतोच. वडिलांना पाठीमागे टेकायला भिंत लागत असेल तर उंच पाठीचा लोड करून घ्या.

दिवाणामागे जी दोन-अडीच फुटांची जागा सुटेल, तिच्यात मागच्या भिंतीच्या मध्यावर दुसरा सब बसेल. तो पहिल्यासारखाच, त्याच मॉडेलचा घ्या. एक छोटा आणि एक मोठा, एक बंद पेटीचा आणि एक छिद्र असलेल्या पेटीचा अशी जोडी लावली तर त्यांची कला (फेज), म्हणजे दोघांच्या तरंगांचे चढ-उतार, जुळत नाही आणि जे एकमेकांना रद्द करायला हवे ते अर्धवटच रद्द होते. मोठ्या एका सबऐवजी साधारण दोन घ्यावेत असे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, आणि त्यात माझे नुकसान झाले तरी सांगतो.

एका बाबतीत बहुतेक जण चुकतात, म्हणून ती सविस्तर सांगतो. रिसीव्हर दोन सब स्वतंत्रपणे ओळखत असेल तर तो मुख्य आसनापासून प्रत्येकाचे अंतर मोजतो आणि जवळच्या सबला तेवढा विलंब लावतो. एका खुर्चीसाठी ते योग्य असेल. पण येथे आपल्याला दोन्ही सबनी एकाच क्षणी ढकलायला हवे आहे, तरच लांबीचा पहिला तरंग दबतो. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, त्यामुळे पाच-सहा फुटांच्या फरकासाठी लावलेला विलंबही सममिती बिघडवतो. म्हणून रिसीव्हरच्या एकाच सब-आउटला (सब जोडण्याच्या जागेला) वाय केबल, म्हणजे एका टोकाची दोन टोके करणारी तार, लावून दोन्ही सब जोडा, दोन्हींची आवाजाची घुंडी आणि फेजची कळ सारख्या ठेवा, आणि रिसीव्हरला तो एकच सब आहे असे समजू द्या. मागच्या सबला लांब केबल लागेल. ती विजेच्या तारांपासून वेगळ्या पाइपातून न्या, नाहीतर ५० हर्ट्झची गुणगुण आत येते.

मोजणीसाठी मोबाइल एवढ्या खालच्या सुरांना विश्वासार्ह नाही, जरी एकाच मोबाइलने दोन जागांची तुलना साधारण करता येते. रूम इक्यू विझार्ड ही संगणक-प्रणाली मोफत मिळते. एखाद्याकडून यूएसबीचा मोजणी-मायक्रोफोन मागून आणा. पाचही जागांवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर मायक्रोफोन ठेवून मोजा आणि पाचही आलेख एकावर एक ठेवून पाहा. एक आलेख सपाट दिसावा याकडे लक्ष देऊ नका. पाच आलेख एकमेकांना किती चिकटून आहेत ते पाहा. सपाट करण्याचे काम नंतरचे आहे. मोजताना पंखा आणि कूलर बंद ठेवा, पण खिडकी आणि दार चित्रपट पाहताना असतात त्याच स्थितीत असू द्या.

माळवद_अंबाजोगाई

आमच्या जुन्या घराच्या माळवदाच्या खोलीत आणि पुढे बांधलेल्या स्लॅबच्या खोलीत मी तेच स्पीकर ऐकले आहेत, म्हणून थोडी भर घालतो. माळवदाला लाकडी तुळया, फळ्या आणि वर मातीचा जाड थर असतो. भिंतींत कोनाडे, खुंट्या, लाकडी दारे असतात. त्या खोलीत खर्ज कधी असा घुमला नाही. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडे आणि आमच्याही भागात लोकांनी माळवद सोडून स्लॅबची घरे बांधली, आणि जिवाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. मात्र ऐकण्याच्या खोलीसाठी स्लॅब आणि वीट हा कठीण आसरा आहे हे मान्य करून चालावे लागते.

स्लॅबच्या खोलीत मी कोपऱ्यात कापसाच्या गाद्या छतापर्यंत रचून पाहिल्या आहेत. बोलणे आणि तंतुवाद्ये निर्जीव झाली, खर्ज जसाच्या तसा राहिला. तेव्हा गुरुजींनी फोमनंतर गाद्यांकडे वळू नये. मात्र त्यांचा लाकडी ओटा आतून पोकळ असेल तर तो ढोलासारखा वाजतो. त्यात रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) भरून घ्यावे. आणि कूलरचा पत्रा तपासावा. आमच्याकडे ४५ हर्ट्झच्या आसपास कूलरची जाळी आणि खिडकीची काच थरथरत असे, व ती खरखर मी बरेच दिवस सबचाच दोष समजत होतो. खालचे सूर एकेक करून हळूहळू वाजवावेत आणि खोलीत फिरून प्रत्येक वस्तूवर हात ठेवून पाहावा.

शिक्षक_परभणी

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. उशिराबद्दल क्षमा असावी. मोजणी पुरी झाल्याशिवाय लिहू नये असे ठरवले होते.

पहिल्या दिवशी फक्त सब पडद्याखाली मध्यावर आणला. त्याच संध्याकाळी पत्नीने विचारले की नवीन काही आणले का, कारण सोफ्याच्या मध्यावर एकच सूर घुमणे कमी झाले होते आणि तिला पखवाजाच्या दोन वेगळ्या थापा वेगळ्या ऐकू येत होत्या. तिन्ही जागांमधील फरक ८० हर्ट्झच्या खाली चार डेसिबलच्या आत आला. दिवाणावर मात्र २८ हर्ट्झ तसाच होता. मग सोफा आणि दिवाण सांगितल्याप्रमाणे हलवले, ओट्यात रॉकवूल भरून घेतले आणि मागच्या आठवड्यात त्याच मॉडेलचा दुसरा सब आणून वाय केबलने जोडला. एका मित्राचा मायक्रोफोन आणून पाचही जागांवर मोजले. २५ ते ८० हर्ट्झ या पट्ट्यात पूर्वी जेथे १८-१९ डेसिबलपर्यंत फरक पडत होता, तेथे आता तो सहाच्या आत आहे, आणि बहुतेक ठिकाणी तीन-चारच आहे. ५७ हर्ट्झचा उंचवटा पाचही आलेखांत अगदी ठळक उभा आहे, सुमारे नऊ डेसिबल. वडील काल पहिल्यांदा पूर्ण कीर्तन संपेपर्यंत बसले.

दोन शंका उरल्या आहेत. ५७ चा उंचवटा इक्वलायझरने कापणे योग्य होईल का? आणि उन्हाळ्यात आम्ही गच्चीचे दार उघडे ठेवतो. तेव्हा २८ हर्ट्झच्या खालचा आवाज एकदम पडतो असे दिसले, ते का?

निवृत्त_प्राध्यापक (छत्रपती संभाजीनगर)

हे वाचून फार समाधान वाटले, विशेषतः वडिलांबद्दलचे.

५७ जरूर कापावा. लांबीचा हा दुसरा तरंग १२ फुटांवर कमाल दाबाच्या सुमारे ८१ टक्के आणि साडेसतरा फुटांवर सुमारे ७१ टक्के भरतो, म्हणजे दोन्ही ओळींना तो जवळपास सारखाच ऐकू येतो. जोडणीकार दादांनी नेमक्या याच जागा सुचवल्या त्याचे मला कौतुक वाटते. सामाईक उंचवटा असल्यामुळे इक्वलायझरचा एकच फिल्टर (एका पट्ट्यातील काप) पाचही जणांच्या उपयोगी पडेल. नऊऐवजी सात डेसिबल कापा आणि फिल्टर फार अरुंद ठेवू नका. कारण ध्वनीचा वेग तापमानाबरोबर बदलतो: खोलीत २० अंश असताना हा अनुनाद ५६.३ हर्ट्झवर असेल, तर ३६ अंशांना ५७.९ वर सरकेल. आपल्याकडचा जानेवारी आणि मे यांतील अंतर एवढे असते की हिवाळ्यात बसवलेला अतिशय अरुंद फिल्टर उन्हाळ्यात अर्धवट चुकतो.

उघड्या दाराचे कारण असे की, पहिल्या अनुनादाच्या खाली बंद खोलीतील हवा एकदम दाबली जाते व सोडली जाते, म्हणून तेथे सर्व आसनांवर आपोआप सारखा आवाज मिळतो. दार उघडले की तो दाब गच्चीवर निघून जातो. २५ हर्ट्झच्या खाली ऐकण्यासारखे फार थोडे असते. परंतु दाराच्या जागेमुळे खोलीची सममितीही मोडते, त्यामुळे वरच्या पट्ट्यातही पाच आलेख थोडे विखुरतील.

ध्वनिजोडणी_लातूर

म्हणूनच मी गिऱ्हाइकांना दोन मोजण्या साठवून ठेवायला सांगतो, एक दार बंद ठेवून आणि एक उघडे ठेवून. आपल्या रिसीव्हरमध्ये दोन वेगवेगळ्या दुरुस्त्या जतन करण्याची सोय असेल तर दुसरी उन्हाळ्यासाठी ठेवा. नसेल तर दार बंद ठेवून केलेलीच ठेवा आणि कूलरची हवा बाहेर जाण्यासाठी दाराऐवजी वरचा झरोका उघडा. झरोका लहान असल्यामुळे दाब तेवढा सुटत नाही. फिल्टर लावल्यावर पाचही जागा पुन्हा एकदा मोजा, आणि त्या वेळी वडिलांच्या जागेपासून सुरुवात करा.